काजळलेला प्लग, अडलेली कापणी

हळवे भात ऑक्टोबरात कापणीला येते आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस पनवेल-कर्जतच्या डोंगरांवर गडगडत असतो. दोन दिवसांची उघडीप मिळाली तर भात कापायचे, वाळवायचे, भारे बांधून खळ्यावर आणायचे. मजूर मिळत नाहीत म्हणून अनेकांनी खांद्याला अडकवायचे पेट्रोलवरचे कापणी यंत्र घेतले आहे. गावात सगळे त्याला 'ग्रास कटर'च म्हणतात. उघडीप मिळते, माणूस यंत्र घेऊन शेतात जातो, दोरी ओढतो. एकदा, दहादा, तीसदा. हात भरून येतात, पण यंत्र फुरफुरण्यापलीकडे काही करीत नाही. मग कोणीतरी मोटारसायकलवर बसून पनवेलला जातो व नवा प्लग आणतो. यंत्र चालू होते, सगळ्यांना हायसे वाटते, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांचा असेल. ग्रास कटर असो, पाठीवरचा पॉवर पंप असो की झाड कापायची चेन सॉ, यांपैकी बहुतेकांची इंजिने एकाच जातीची, म्हणजे लहान 'टू स्ट्रोक' असतात, आणि त्यांचे दुखणेही बहुधा एकच असते. ते म्हणजे प्लग काजळणे. प्लग बदलल्याने ते बरे होत नाही. प्लग काळा का झाला हे ज्याने शोधले, त्याचेच यंत्र हंगामभर चालते.

खारघरकडे माझे जाणे-येणे जुने आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल, उरण व ठाणे भागातील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. त्यांत खारघर, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे या गावांची भातशेतीही होती. आज तेथे इमारती, रुंद रस्ते व मेट्रो आहे. तरी शेतीची सवय सुटत नाही. कोणाची तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत थोडी जमीन आहे, कोणी दुसऱ्यांचे भात खंडाने कापून देतो, कोणी सोसायट्यांतील व रस्त्याकडेचे गवत कापण्याचे काम घेतो. त्यामुळे एका गावात जितके ग्रास कटर असतील, त्याहून अधिक आज या पट्ट्यात आहेत, आणि तेवढेच बिघडतातही.

ओव्याच्या बाजूचा असाच एक खंडाने कापणी करणारा शेतकरी. वय साठीच्या आसपास, हात कष्टाचा. मला म्हणाला, "साहेब, चार महिन्यांत पाच प्लग बदलले. हल्ली मालच खोटा येतो."

"नाना, जुने प्लग टाकले की आहेत?"

"आहेत की. डब्यात ठेवलेत."

डबा आणला. पाचही प्लग टोकाला काळे आणि ओले होते, बोटाला तेल लागत होते. मी विचारले, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? नाना म्हणाले, "बाटलीचं एक टोपण, आणि वर थोडं. तेल जास्त पडलं तर इंजिनाला बरंच ना?" आम्ही ते टोपण मापाच्या नळीत मोजले. टोपण आणि 'वर थोडं' मिळून लिटरला साठ मिलिलिटर भरले. यंत्राच्या पुस्तिकेत वीस सांगितले होते. प्लग बिचारा तिप्पट तेलात बुडत होता.

हे असे का होते ते समजून घेऊ.

प्लगचे काम आणि त्याची ऊब

प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये बारीक फट असते. यंत्रातील कॉइल या फटीतून ठिणगी उडवते आणि सिलिंडरमधील पेट्रोल व हवा पेट घेते. पाढऱ्या चिनी मातीच्या दांड्यातून मधली तार येते. या मातीचे काम एवढेच की वीज फटीतच जावी, बाजूने पळू नये. काजळी ही कोळशाची असते आणि कोळशातून वीज वाहते. मातीवर काजळीचा थर चढला की विजेला फट ओलांडण्याची गरज उरत नाही, ती काजळीवरून सरळ लोखंडात उतरते. ठिणगी पडत नाही. बांध फुटला की पाणी चारीतून न जाता सोप्या वाटेने निघून जाते, तसाच हा प्रकार.

चालत्या इंजिनात थोडी काजळी तर रोजच होणार. ती जाळण्याची सोय प्लगमध्येच केलेली असते. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले म्हणजे त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. तेच टोक ८५० अंशांच्या वर गेले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते आणि इंजिनाला धोका होतो. या दोन टोकांच्या मध्ये प्लग राहिला पाहिजे. यंत्र मंद फुरफुरत ठेवले, चोक उघडायचा विसरला, तेल जादा पडले, तर प्लग तेवढा तापतच नाही आणि काजळी साठत जाते.

मोटारसायकलच्या फोर स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली वेगळे असते. टू स्ट्रोकमध्ये तशी जागा नसते. आतल्या दट्ट्याला आणि बेअरिंगला लागणारे तेल पेट्रोलमधूनच जाते व पेट्रोलबरोबर जळते. म्हणून या यंत्रांना तेल मोजूनच द्यावे लागते. कमी झाले तर दट्ट्या सिलिंडरला चिकटतो, जास्त झाले तर प्लग काजळतो.

विमानाच्या खेळण्यातही हाच आजार

नानांचा नातू मुंबईला कॉलेजात शिकतो आणि एनसीसीच्या हवाई विभागात आहे. तेथे मुलांना लहान विमाने बनवायला व उडवायला शिकवतात. आमचे प्लगपुराण चालले असताना तो आतून मुठीएवढे इंजिन घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ह्याचाही प्लग असाच खराब होतो. पण ह्याला तर कॉइलही नाही आणि ठिणगीही नाही."

त्याचे बरोबर होते. या इंजिनाच्या प्लगला 'ग्लो प्लग' म्हणतात. अमेरिकेत १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांनी तो प्रचारात आणला. त्याच्या टोकाशी ठिणगीची फट नसून प्लॅटिनमच्या तारेचे केसासारखे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ते वेटोळे लाल करतात. इंजिन चालू झाले की सेल काढून घेतात. मग त्याचे इंधन, म्हणजे मिथेनॉल, प्लॅटिनमच्या संगतीने स्वतःच तार तापती ठेवते. दर फेरीला तीच तापलेली तार पुढचा घास पेटवते. पेट्रोलशी प्लॅटिनमचे असे जमत नाही, म्हणून त्या इंजिनात पेट्रोल घालून चालत नाही.

आता तेलाचे पाहा. आपल्या ग्रास कटरला लिटरमागे वीस ते चाळीस मिलिलिटर तेल लागते. या विमानांच्या इंधनात जवळजवळ पाचवा हिस्सा तेल असते, आणि तेही बरेचदा एरंडेल. होय, गाई-बैलांना जुलाबासाठी देतो तेच एरंडेल. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ मध्ये, लढाऊ विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच वापरत असत. भयंकर तापले तरी त्याची चिकट पापुद्री धातूला धरून राहते. जगात सर्वांत जास्त एरंडी आपल्या देशात पिकते आणि त्यातही गुजरात पुढे आहे. मात्र हीच पापुद्री प्लॅटिनमच्या वेटोळ्यावर बसली की तार मंदावते.

नातवाची तक्रार अशी, की सेल लावलेला असेपर्यंत इंजिन छान चालते, सेल काढला की सुस्त होते किंवा बंदच पडते. ग्लो प्लग काजळल्याची हीच खूण आहे. दुसरी खूण डोळ्यांनी पाहता येते. प्लग बाहेर काढून सेलला लावावा. सगळे वेटोळे एकसारखे नारिंगी लाल झाले तर प्लग बरा. अर्धेच तापले, मळकट दिसले किंवा वेटोळे दबून एकमेकांना चिकटले असेल, तर तो प्लग गेला. तार इतकी नाजूक असते की ब्रशने घासायला जाऊ नये, तुटते. हलके मळलेले असेल तर मिथेनॉलमध्ये बुडवून धुवावे, पुन्हा सेलवर तापवून पाहावे. आणि मूळ कारण येथेही तेच असते. इंजिनाला इंधन जादा सोडले आहे, सुई थोडी आवळायला हवी. आवळताना घाई करू नये, कारण इंधन कमी पडले तर ते तळहाताएवढे इंजिनही जळते.

जाता जाता एक धोक्याची सूचना. मिथेनॉल हे भयंकर विष आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत ज्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, त्या दारूत मिथेनॉलच होते. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हात भाजल्यावर कळते. ज्या घरात असे इंधन असेल तेथे ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि ठेवू नये. विमानतळाच्या परिसरात अशी विमाने किंवा ड्रोन उडवण्यावर बंधने आहेत. २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा पनवेल-खारघरच्या मुलांनी आधी परवानगीची चौकशी करावी.

जुन्या डिझेल जीपला व काही पिकअप गाड्यांना जो 'हीटर' असतो, तोही ग्लो प्लगचाच भाऊबंद. तो बॅटरीवर तापून थंड इंजिनाला पहिला धक्का देतो. एकदा गाडी चालू झाली की त्याचे काम संपते. थंडीत गाडी उशिरा चालू होऊन पांढरा धूर ओकत असेल, तर मेकॅनिककडून एकेक हीटर तपासून घ्यावा. बाकी हे काम घरी करण्यासारखे नाही.

प्लगचा रंग वाचा

आता आपल्या शेतातल्या यंत्राकडे येऊ. प्लग वाचायचा असेल तर यंत्र नुसते फुरफुरवून काढलेल्या प्लगचा उपयोग नाही. यंत्र कामात असताना, भात किंवा गवत कापत असतानाच, बंद करावे. पूर्ण थंड होऊ द्यावे. सिलिंडर अॅल्युमिनियमचा असतो, गरम असताना पाना लावला तर आटे उपटून येतात. मग प्लग काढून उजेडात धरावा.

टोक विटकरी किंवा चहाच्या रंगाचे, कोरडे असेल तर सगळे ठीक आहे, तसाच परत बसवा.

कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल, बोटाने पुसली जात असेल, तर पेट्रोल जादा आणि हवा कमी पडते आहे. पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. भाताचे कूस आणि वाळल्या गवताची धूळ एका दिवसात फिल्टर बुजवते. नुसते झटकून भागत नाही. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, पिळून, सावलीत वाळवून घालावा. कागदाचा असेल तर धुऊ नये, बदलावा. दुसरा संशय चोकवर. यंत्र चालू झाल्यावर चोक उघडायचा राहून जातो, आणि दिवसभर कोणाच्या ध्यानी येत नाही. तिसरे कारण सवयीचे. बांधावर चहा पिताना, विडी ओढताना किंवा फोनवर बोलताना यंत्र फुरफुरत ठेवतात. पुन्हा ओढायचा कंटाळा असतो. त्या पंधरा मिनिटांत प्लग थंडच राहतो आणि काजळतो. त्यापेक्षा बंद करून ठेवावे.

टोक काळे, ओले आणि तेलकट असेल, तर नानांचा आजार. तेल जादा किंवा चुकीचे. मोटारसायकलचे उरलेले ऑइल यात कधीही घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेले नसते, जळले तर चिकट राख सोडते. डब्यावर '२टी' असे लिहिलेलेच घ्यावे.

टोक ओले, पण तेलकट नसून पेट्रोलचा वास येतो, म्हणजे नुसते ओलावले आहे. दोरी फार ओढली की असे होते. बटण बंद ठेवावे, प्लग बाहेर काढावा, चोक उघडा, एक्सिलेटर पूर्ण दाबलेला. दहा-पंधरा वेळा दोरी ओढून आतले पेट्रोल उडवून लावावे. प्लग पुसून, वाळवून बसवावा. बहुतेक वेळा चालू होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. टोक पांढरे फटक, भाजलेले, त्यावर बारीक फोड आल्यासारखे दिसले, तर आनंद मानू नका. पुष्कळांना वाटते, प्लग स्वच्छ आहे. काळ्या प्लगने काम अडते, पांढऱ्या प्लगने यंत्रच जाते. पेट्रोल कमी पडते आहे, तेल कमी आहे, किंवा कोठूनतरी जादा हवा आत शिरते आहे, असा त्याचा अर्थ. तसेच चालवत राहिलात तर दट्ट्या चिकटून बसेल. ते यंत्र लगेच थांबवून मेकॅनिकला दाखवावे.

तेलाचे माप

या एका गोष्टीवर मी गावोगाव बोलतो आणि पुन्हा पुन्हा बोलावे लागते. यंत्राच्या पुस्तिकेत '१:२५' किंवा '१:५०' असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा. एका लिटर पेट्रोलला १:२५ साठी ४० मिलिलिटर तेल, १:४० साठी २५ आणि १:५० साठी २० मिलिलिटर. यंत्र कोणते आहे त्याप्रमाणे घ्यावे, शेजाऱ्याच्या मापाने नव्हे. शेजाऱ्याचे यंत्र जुने असेल, त्याला चाळीस लागत असेल आणि तुमच्या नव्याला वीस.

टोपणाच्या मापाने माझा विश्वास उडाला आहे. प्रत्येक बाटलीचे टोपण वेगळे असते. गुरांच्या औषधाच्या दुकानात २० मिलिलिटरची सिरिंज मिळते. एक नवी घेऊन, सुई फेकून देऊन, फक्त तेलासाठी बाजूला ठेवावी. १:५० च्या यंत्राला लिटरला एक सिरिंज भरून, १:२५ च्या यंत्राला दोन. याहून सोपे माप नाही. मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये. वेगळ्या कॅनमध्ये अर्धे पेट्रोल, त्यात तेल, मग हलवून उरलेले पेट्रोल, पुन्हा हलवणे, आणि मगच टाकीत ओतणे. टाकीत आधी तेल ओतले तर ते तळाला बसते आणि पहिल्याच दोन मिनिटांत निव्वळ तेल इंजिनात जाते.

नेरे भागातील एका घरी ही सगळी जबाबदारी सूनबाईंकडे आहे. त्या बचत गटाचा हिशोब ठेवतात, तसाच तेलाचाही ठेवतात. कॅनवर खडूने तारीख घालतात. त्या घरी दोन हंगामांत एकच प्लग लागला, असे मला त्यांच्या सासऱ्यांनीच थोड्या अभिमानाने सांगितले.

पेट्रोल आणि पावसाळी हवा

अलीकडे या दुखण्याला एक नवे कारण जोडले गेले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे इथेनॉल आपल्याच उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासून बनते, तेव्हा शेतकऱ्याने त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. पण त्याचा एक गुण ध्यानात ठेवला पाहिजे. इथेनॉल पाणी ओढून घेते. कोकणातली आषाढ-श्रावणाची हवा, त्यात खाडीकाठचा दमटपणा. कॅनचे टोपण सैल राहिले तर पाणी आत शिरायला पाऊसच पडायला हवा असे नाही. पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. यंत्राची नळी तर तळातूनच पेट्रोल ओढते. मग यंत्र अडखळते, प्लग ओला होतो, दोरी ओढून माणूस दमतो, आणि दोष प्लगला लागतो.

संशय आला तर टाकीतले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल यंत्रात घालू नये. तेल घातलेले मिश्रण आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे. घट्ट टोपणाचा कॅन, भरत आलेला, सावलीत. अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये हवा जास्त आणि म्हणून पाणीही जास्त. चुलीपासून आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून कॅन लांब ठेवावा हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो, कारण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पेट्रोलचा कॅन मी स्वतः पाहिला आहे.

प्लग साफ कसा करावा

काही ठिकाणी काळा प्लग चुलीत टाकून भाजतात. काजळी जळते खरी, पण चिनी मातीला न दिसणारी तडा जाते आणि मग तो प्लग कधी चालतो, कधी चालत नाही. पॉलिश पेपरने घासणेही बरे नव्हे. त्याचे कण फटीत आणि मातीच्या आतल्या खोबणीत अडकतात, पुढे सिलिंडरमध्ये पडतात आणि दट्ट्याला ओरखडे काढतात. रीत साधी आहे. प्लग थोडा वेळ पेट्रोलमध्ये बुडवून ठेवावा, पितळी तारेच्या मऊ ब्रशने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावा, पुन्हा पेट्रोलने धुवावा, वाऱ्यावर पूर्ण वाळवावा. हे काम उघड्यावर, आगीपासून दूर करावे.

फट मोजावी. लहान टू स्ट्रोक यंत्रांना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर फट लागते, पुस्तिकेतील आकडा पाहून घ्यावा. फट मोजायचे पाते जवळ नसेल तर लोखंड कापायच्या हॅकसॉचे पाते घ्यावे. त्याची जाडी सुमारे ०.६३ मिलिमीटर असते. दातांची कड नव्हे, पाठीची कड फटीत घालावी, कारण दात बाजूला फाकलेले असतात. पाते किंचित अडून सरकले की फट योग्य. कमी-जास्त करायची असेल तर बाहेरचा वाकडा दांडा हळूच वाकवावा, मधल्या तारेला हात लावू नये.

ठिणगी पाहायची असेल तर आधी सिलिंडरचे तोंड कापडाने झाका, सांडलेले पेट्रोल पुसून घ्या. प्लग टोपीत घालून त्याचे लोखंड सिलिंडरच्या पंख्यांना टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा, आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. ठिणगी निळी व टणक असावी. पिवळी, मरतुकडी असेल तर नवा प्लग लावून पुन्हा पाहा. तरीही तशीच असेल तर कॉइल किंवा वायर पाहावी लागेल. टोपीच्या आतला धातू खाडीच्या खाऱ्या हवेने हिरवा पडलेला मी खारघर-कामोठे बाजूला बऱ्याचदा पाहिला आहे. तो कोरड्या ब्रशने घासला तरी कधीकधी काम होते.

बसवताना प्लग आधी बोटांनीच फिरवत पूर्ण आत न्यावा, मग पान्याने. नवा असेल तर अर्धा फेरा, जुना असेल तर जरासा. प्लगवरचा क्रमांक जुन्याशी जुळला पाहिजे. दुकानात 'हा पण चालतो' म्हणून लांब आट्याचा प्लग दिला आणि तो दट्ट्याला आपटला, तर प्लगबरोबर दट्ट्याही बदलावा लागेल.

सगळे स्वच्छ करूनही यंत्राला जोर नसेल तर सायलेन्सर पाहावा. जादा तेलाने जसा प्लग काजळतो, तशीच सायलेन्सरमधली बारीक जाळीही बुजते आणि धुराला वाट राहत नाही. जाळी काढून पितळी ब्रशने साफ करावी व परत बसवावी. काहीजण ती कायमची काढून टाकतात. तसे करू नये. ती जाळी ठिणग्या अडवण्यासाठी आहे. खारघरच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात वणवे लागतात, वाळल्या गवतात काम करताना यंत्रातून उडालेली एक ठिणगी पुरेशी असते. त्याच कारणाने गरम यंत्र वाळल्या गवतावर ठेवू नये, आणि पेट्रोल भरताना यंत्र थंड होऊ द्यावे.

कापणी संपल्यावर यंत्र तसेच खुंटीला टांगले तर पुढच्या हंगामात ते हमखास रुसते. टाकी रिकामी करावी, मग यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरमधलेही पेट्रोल संपेल. थंड झाल्यावर प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडावे, बटण बंद ठेवून दोरी दोनतीनदा हळू ओढावी, आणि साफ केलेला प्लग परत बसवावा. एक नवा प्लग, पाना, सिरिंज आणि हॅकसॉच्या पात्याचा तुकडा एका डब्यात घालून तो डबा यंत्राच्याच दांड्याला बांधून ठेवावा. पुढच्या वर्षी हळवे पिकेल तेव्हा शोधाशोध करायला नको.